जुन्या रिळाचा जीर्णोद्धार

खाडीच्या कांठीं ज्यांचें लहानपण गेलें त्यांना 'गरवणें' या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाहीं. शहरांतील श्रोत्यांसाठीं एवढेंच सांगतों, कीं गरीला आमिष लावून मासा धरण्याला आमच्याकडे गरवणें म्हणतात. आज मी बोलणार आहें तें मात्र त्या कलेविषयीं नव्हे, तर तिच्या एका उपकरणाविषयीं. आणि तेंही नव्या नव्हे, जुन्या.

माझे मामा पेणचे. अंबा नदी धरमतरच्या खाडीस मिळते त्या बाजूस भरतीच्या वेळा पाहून ते जिताडा गरवीत. २०१७ सालीं ते वारले. वर्षश्राद्ध झाल्यावर मामींनीं कपाटांतून एक कापडी पिशवी काढून माझ्या हातीं दिली. आंत मामांचें रीळ होतें. "नातू मागतो आहे," त्या म्हणाल्या, "चालेल असं करून आण. नुसतं शोभेला ठेवायचं असेल तर कपाटात होतं तेच बरं." मीं मूठ फिरवून पाहिली. ती जागची हालली नाहीं.

रीळ म्हणजे काय, हें पतंग उडविणाऱ्यांना चटकन् कळेल. मांजाची फिरकी असते तशीच ही फिरकी. मात्र ती हातानें न फिरतां दंतचक्रांनीं फिरते. मूठ एका मोठ्या चाकाला जोडलेली, मोठें चाक लहान चाकाला, लहान चाक फिरकीला. आमच्या रिळांत मूठ एकदां फिरली, कीं फिरकी साडेतीनांहून किंचित् अधिक फेरे घेते. दोरा एकाच ठिकाणीं साचूं नये म्हणून पुढें मळसूत्री दांड्यावर एक लहानशी जिभली सरकत असते व ती दोऱ्याला या कडेपासून त्या कडेपर्यंत नेते. अशीं गुणाकारी रिळें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील केंटकी प्रांतांत घडविलीं तीं घड्याळजींनीं, असें इतिहास सांगतो. आणि मामांचें रीळ ज्या कारखान्यांतून आलें त्याचा जन्मही घड्याळांतूनच झालेला आहे. स्वीडनमधील स्वेंग्स्ता या गांवीं १९२१ सालीं घड्याळांचा एक कारखाना निघाला. पुढें तो टॅक्सीचे मीटर करूं लागला. दुसऱ्या महायुद्धांत मोटारींची वाहतूक आटली, मीटरांना गिऱ्हाईक राहिलें नाहीं, तेव्हां त्याच कारागिरांचे हात मासेमारीच्या रिळांकडे वळले. १९५२ सालीं त्यांनीं 'अँबॅसडर ५०००' हें लाल रंगाचें रीळ काढलें आणि तें जगभर गेलें. त्यांच्या रिळाच्या पायावर एक क्रमांक ठोकलेला असतो. मामांच्या काळांतल्या रिळांवर त्याचे पहिले दोन अंक वर्ष आणि पुढचे दोन महिना सांगतात. आमच्यावर ७४ आणि ०६ आहेत. बोटीवर नोकरी करणाऱ्या एका स्नेह्यानें तें मामांना आणून दिलें होतें.

घड्याळजींच्या हातचें यंत्र घड्याळजीकडेंच न्यावें, या विचारानें मी गिरगांवांतील एका वृद्ध घड्याळजींकडे गेलों. त्यांनीं भिंग लावून स्क्रूंच्या डोक्यांकडे पाहिलें आणि पहिलाच प्रश्न केला, "घरचा पेचकस लावला नाहीत ना?" मीं लावला होता. खांचेहून अरुंद पेचकस लावला कीं पितळेच्या स्क्रूचें डोकें चेंदतें, आणि मग तो कधींच निघत नाहीं. त्यांनीं खांचेंत बरोबर बसणारा पेचकस निवडला, कडेला तेलाचा थेंब सोडला आणि मला दुसऱ्या दिवशीं यावयास सांगितलें. बळापेक्षां एक रात्र अधिक काम करते, हें त्या दिवशीं मीं पाहिलें. दुसऱ्या सकाळीं स्क्रू आपण होऊन आल्यासारखे आले.

आंत बिघडलें असें थोडेंच होतें. जुनें ग्रीस सुकून लाखेसारखें झालें होतें. मूठ अडली होती ती त्यानेंच. रॉकेलमध्यें चाकें बुडवून दांत ब्रशनें घासले, तों पितळेचें मूळ रूप दिसूं लागलें. येथवर मी यशस्वी होतों, म्हणून मला धीर आला, आणि त्या धिटाईंत मीं एक अपराध केला. बाजूच्या लाल तबकडीवर पांढुरके डाग होते. तीं मीं धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यांत घातली. हा लाल रंग वरून फांसलेला नसतो. ॲल्युमिनियमच्या पृष्ठावर विजेच्या साहाय्यानें त्याच्याच ऑक्साइडचा सूक्ष्म छिद्रांचा थर आणतात, त्यांत रंग मुरवितात आणि मग छिद्रें मिटवितात. क्षारामुळें तो थरच विरघळतो. मीं तबकडी बाहेर काढली तेव्हां कडेला रुपयाएवढी जागा फिकी पडली होती. पन्नास वर्षांच्या आसपास खाडीच्या खाऱ्या हवेनें जें केलें नाहीं, तें मीं पांच मिनिटांत केलें. साधा साबण आणि कोमट पाणी पुरेसें होतें.

आतां खरा प्रश्न उरला. संग्राहक म्हणतात, जुन्या वस्तूचा एक स्क्रूही बदलूं नये. दुसरे म्हणतात, वापरावयाचें तर सगळे भाग आजचे घाला. पहिल्यांचें ऐकावें तर मामींची मागणी राहते. दुसऱ्यांचें ऐकावें तर मामांचें रीळ राहत नाहीं. मीं एकच कसोटी लावली: जो भाग वापरांत दगा देईल तो बदलावयाचा, बाकीचा ठेवावयाचा.

दगा देणारा पहिला भाग म्हणजे 'ड्रॅग'. मोठा मासा पळूं लागला म्हणजे दोरा तुटण्याआधीं फिरकीनें थोडी माघार घेतली पाहिजे. त्यासाठीं मोठ्या दंतचक्राच्या पोटांत घर्षणाच्या चकत्या असतात आणि मुठीजवळच्या चांदणीच्या आकाराच्या चाकानें त्या आवळतां येतात. जुन्या चकत्या कडक आणि गुळगुळीत झाल्या होत्या. त्या आधीं चिकटून बसत आणि मग एकदम सुटत. जिताड्याची पहिली धांव ज्यांनीं पाहिली आहे त्यांना या झटक्याचा अर्थ कळेल: दोरा तेथेंच तुटतो. मीं कार्बनच्या तंतूंच्या चकत्या त्याच मापाच्या मिळवून घातल्या आणि ग्रीसचा अगदीं पातळ हात दिला. सुमारें आठ किलोंचा ताण सोसणारा नायलॉनचा दोरा घेतला, त्याला स्प्रिंगचा कांटा बांधला, आणि दोन ते अडीच किलोंवर फिरकी सरकूं लागेल अशी चांदणी आवळली. सरकणें सलग झालें होतें. मला वाटतें, साऱ्या कामांत एवढी एकच सुधारणा पैशाला पैसा मोजून घेण्याजोगी होती. दुसरी जिभली. ती मऊ धातूची असते व झिजण्यासाठींच असते. ती झिजते म्हणून दांडा वांचतो. ती नवी घातली.

बेअरिंगच्या बाबतींत मात्र मी फसलों. या रिळाची फिरकी काशाच्या साध्या बुशांत फिरते. त्याच कारखान्यानें पुढच्या रिळांत बॉल-बेअरिंगें घातलीं, तेव्हां आपणही घालावीं, असा मोह झाला. घातलीं, फिरकी वाऱ्यासारखी फिरूं लागली. हलकें आमिषही लांब जाऊं लागलें. पण फेकींत फिरकी दोऱ्याहून वेगानें फिरली कीं दोऱ्याचा पक्ष्याच्या घरट्यासारखा गुंता होतो, आणि नातवाच्या शिकाऊ अंगठ्याला तो वेग आवरेना. फिरकीच्या कडेला वेगाबरोबर बाहेर सरकून घासणारे दोन चिमुकले ठोकळे असतात, तेही पुरेनात. शिवाय पहिल्याच पावसाळ्यानंतर खाडीच्या पाण्यानें एक बेअरिंग खरखरूं लागलें. कांसें गंजत नाहीं. मीं बेअरिंगें काढून कारखान्याचे जुने बुश पुन्हां बसविले, तेलाचा एक एक थेंब दिला, आणि तेव्हांपासून त्यांची तक्रार नाहीं. गोड्या पाण्याच्या तलावावर हलक्या आमिषांनीं गरवणाऱ्यानें बेअरिंगें अवश्य घालावीं, धरमतरला नकोत.

लांब दांड्याची नवी मूठही मीं आणली होती. ती नातवानेंच परत केली. जुन्या मुठीची एक बोंडी आजोबांच्या बोटानें एका अंगाला झिजली आहे, आणि त्याचें बोट नेमकें तेथेंच बसतें, असें तो म्हणाला.

काढलेल्या चकत्या आणि जुनी जिभली एका डबींत घालून मीं मामींना दिली, आणि तबकडीवरचा फिका डागही दाखविला. त्यांनीं चष्मा लावून तो पाहिला. "हे बघायला असते तर बोलले असते तुला," एवढेंच म्हणाल्या. मग त्यांनीं रीळ हातांत घेतलें, ओल्या फडक्यानें पुसलें, कोरड्यानें पुसलें, आणि चांदणीचें चाक उलटें फिरवून पार सैल केलें. मीं विचारलें, हें कशाला? "रात्री सैल करून ठेवायची असते," त्या म्हणाल्या. "आवळलेली राहिली तर आतल्या चकत्या चिकटतात. खाडीवरून आले की मीच करायची हे."