गोकर्ण ते तदडी : कड्याकाठची वाट



गोकर्ण हे नाव आपणांपैकी अनेकांच्या कानांवर प्रथम पडले ते गुरुचरित्राच्या पारायणात. महाबळेश्वराचे दर्शन घेतले की यात्रा पुरी झाली, असे आपण धरून चालतो. आम्ही मंडळाचे नऊ सभासद मात्र देवळातून निघून, समुद्र उजव्या हाताला ठेवून, दक्षिणेस तदडीपर्यंत पायी गेलो. (हा उत्तर कन्नड जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यातच होता, हे तरुण सभासदांस ठाऊक नसेल.)

ओम् पुळणीपर्यंत मोटारी पोचतात. तोवर सांगण्याजोगे फारसे नाही. चहा मिळतो, गर्दीही मिळते. पुळणीच्या दक्षिण टोकाला मोटारीचे काम संपते. पुढे जांभ्याचा कडा, आणि त्याच्या अंगावरून गेलेली, कोठे कोठे एकाच पावलाला पुरेल एवढी वाट. सुटी खडी पायाखालून घरंगळते. आधाराला हात घालावा तर झुडपांचे काटे. खाली लाटा खडकांवर फुटत असतात, पण तिकडे पाहण्यापूर्वी थांबावे लागते. चालता चालता दोन्ही साधत नाही. हाफ मून आणि पॅराडाइज या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या पुढील पुळणींना गाडीरस्ता नाही. पायी जावे, नाही तर होडीने. पावसाळ्यात तर या वाटेला जाऊच नये.

परतल्यावर काही सभासदांनी सुचविले की येथे पक्का रस्ता व्हावा, म्हणजे वृद्धांनाही जाता येईल. त्यांची कळकळ आम्हांस समजते. धोक्याच्या जागी सूचनाफलक अवश्य असावेत. परंतु रस्ता आला की त्यामागून काय काय येते, हे ओम् पुळणीवर आम्ही पाहिलेलेच होते.

तदडीला कडे संपतात आणि अघनाशिनीचे मुख लागते. शिरसीच्या बाजूने उगम पावलेली ही नदी धरणावाचून समुद्रास मिळते; अशा नद्या पश्चिम किनाऱ्यावर आता थोड्याच उरल्या आहेत. गोडे आणि खारे पाणी येथे मोकळेपणी मिसळते. आपल्याकडे जिला खाजण म्हणतात त्या जमिनीला येथे गजनी म्हणतात. तीत खाऱ्या पाण्याला दाद न देणारे कग्गा नावाचे भात होते. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. स्त्रीपुरुष कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून तिसऱ्या काढीत होते. आमच्यातील एका भगिनींनी मराठीत चौकशी केली, एका म्हाताऱ्या बाईंनी कोकणीत उत्तर दिले; दुभाष्या लागला नाही. मोठ्या जहाजांसाठी तळ उपसला तर चिखल जाईल, आणि चिखलाबरोबर शिंपलेही जातील, एवढेच त्या म्हणाल्या व पुन्हा कामाला लागल्या.

ही भीती निराधार नव्हे. या मुखावर औष्णिक वीजकेंद्राचे आणि मोठ्या बंदराचे प्रस्ताव येऊन गेले आहेत, व लोकांनी त्यांना विरोधही केला आहे. 2024 मध्ये या खाडीची नोंद रामसर पाणथळींच्या यादीत झाली. नोंदीने काही बळ मिळते. तथापि त्या बाईंचा दिवस ओहोटीवर चालतो, यादीवर नाही.

पलीकडच्या अघनाशिनी गावाला होडी जाते. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात यावे, पाणी बरोबर घ्यावे, आणि ओहोटीची वेळ तदडीच्या मच्छीमारांना विचारून मगच निघावे.