बाळ पायाळू असेल तर



नववा महिना लागतो, सोनोग्राफी होते आणि रिपोर्टवर ‘ब्रीच’ असं लिहून येतं. म्हणजे बाळाचं डोकं वर, आईच्या बरगड्यांपाशी, आणि कुल्ले किंवा पाय खाली. त्या दिवसापासून घरात दोनच गोष्टी बोलल्या जातात: ‘आता सिझरच’ आणि ‘हिनं काय केलं असेल?’ यातला दुसरा प्रश्न मुळात विचारण्याचं कारण नाही, आणि पहिलं वाक्य मधली एक पायरी गाळून बोललं जातं, असं माझं म्हणणं आहे. ती पायरी म्हणजे छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात, रुग्णालयात, पोटावरून हातांनी बाळ फिरवून पाहणं. प्रत्येकीनं ते करून घ्यावं असा माझा आग्रह नाही. असं काही करता येतं हे प्रत्येकीला वेळेवर कळावं, हा आहे. पुष्कळदा तेच होत नाही.

आधी त्या दुसऱ्या प्रश्नाचा निकाल लावू. अठ्ठाविसाव्या आठवड्यात दर चार-पाच बाळांतलं एक उलटंच असतं. पुढे बहुतेक बाळं आपणहून फिरतात आणि दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चार उरतात. तेव्हा डोहाळजेवणाच्या सुमाराला आलेल्या रिपोर्टवरून कुणी झोप उडवून घेऊ नये. शेवटपर्यंत जी फिरत नाहीत, त्यांच्यापैकी काहींच्या बाबतीत कारण सापडतं: गर्भपिशवीचा आकार वेगळा असतो, पिशवीत गाठ असते, वार खाली असते, पाणी फार कमी किंवा फार जास्त असतं. बऱ्याच वेळा काहीच सापडत नाही. शिवणाच्या मशीनवर बसणं, एसटीचा प्रवास, कुठल्या तरी ग्रहणात भाजी चिरणं यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. उलट नॉर्वेतल्या जन्मनोंदींवरून २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आई स्वतः ब्रीच जन्मलेली असेल तर तिचं पहिलं बाळ ब्रीच असण्याची शक्यता दुपटीहून अधिक, आणि वडील तसे जन्मलेले असतील तरीही जवळपास तितकीच, असं त्यात दिसलं. सुनेकडे बोट दाखवण्याआधी सासूबाईंनी आपला मुलगा कसा जन्मला ते आठवावं, हे बरं. एरवी आपल्याकडे पायाळू माणसाचा दरारा केवढा! त्याची लाथ बसली की कंबरेतली उसण जाते, त्याला जमिनीतलं गुप्तधन दिसतं, आणि त्याच्यावर वीज पडते. जन्मून वर आलेल्या पायाळूला एवढी प्रतिष्ठा, आणि त्याच्या आईला मात्र नवव्या महिन्यात बोल.

धोका कुठे असतो, तेही नीट समजून घ्यायला हवं. बाळाच्या शरीराचा सगळ्यात मोठा आणि टणक भाग म्हणजे डोकं. ते पुढे असलं की कळांच्या कित्येक तासांत वाटेच्या आकाराला हळूहळू जुळवून घेतं. पायाकडून येणाऱ्या बाळाचं डोकं शेवटी येतं, त्याला काही मिनिटंच मिळतात, आणि नेमकी त्याच वेळी नाळ दाबली जाते. पाय आधी खाली आले असतील तर पाणी जाताच नाळ बाहेर घसरण्याची भीती वेगळी. हे संकट आजचं नाही. सुश्रुतसंहितेत मूढगर्भाचे, म्हणजे वाटेत अडलेल्या गर्भाचे, प्रकार दिले आहेत, आणि कुल्ल्यांकडून अडलेला गर्भ कसा सोडवायचा हेही सांगितलं आहे. सुईणी आणि डॉक्टर शेकडो वर्षं हाताच्या कसबानं अशी बाळंतपणं करत आले. त्यात बाळं जातही होती.

या कसबावर पडदा पडला तो २००० सालच्या ऑक्टोबरात. टोरोंटोच्या मेरी हॅना आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘टर्म ब्रीच ट्रायल’ त्या महिन्यात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. २६ देश, १२१ केंद्रं, २,०८८ स्त्रिया. त्यात भारतातलीही केंद्रं होती. ठरवून सिझर केलेल्या गटात बाळ दगावण्याचं किंवा गंभीर आजारी होण्याचं प्रमाण १.६ टक्के आलं, योनीमार्गे प्रसूती ठरवलेल्या गटात ५ टक्के. हा फरक लहान नव्हता. नेदरलँड्समध्ये दोनच महिन्यांत ब्रीचसाठीच्या सिझरचं प्रमाण ५० टक्क्यांवरून ८० वर गेलं. पुढे काय झालं, हे मात्र कमी सांगितलं जातं. २००४ साली त्यांतल्याच काही केंद्रांतली मुलं दोन वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा मृत्यू आणि विकासातली मंदता मिळून दोन्ही गटांत लक्षणीय फरक उरला नव्हता. २००६ साली फ्रान्स आणि बेल्जियममधल्या १७४ केंद्रांतल्या ८,१०५ स्त्रियांची पाहणी आली. तिथे कोणाला योनीमार्गे जाऊ द्यायचं याची निवड कडक होती, हात सरावलेले होते, आणि दोन गटांतला फरक नगण्य निघाला. म्हणून सिझर चुकीचं ठरतं असा याचा अर्थ नाही. निवड आणि सराव नसेल तर सिझर अधिक सुरक्षित, असा आहे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या इस्पितळांत आज ही अट पुरी होत नाही, हे मान्य केलंच पाहिजे.

आणि म्हणूनच बाळ फिरवण्याचं महत्त्व वाढतं. योनीमार्गे ब्रीच प्रसूतीचं कसब उरलं नसेल, तर ब्रीचच उरू नये असा प्रयत्न करणं हा सरळ विचार आहे. तो प्रयत्न असतो कसा? लघवी करून यायला सांगतात. सोनोग्राफीत बाळ, वार आणि पाणी पाहतात. पट्टा लावून बाळाचे ठोके काही वेळ नोंदवतात. गर्भपिशवी सैल व्हावी म्हणून बहुधा टर्ब्युटालिनचं इंजेक्शन देतात. मग पोटाला जेल किंवा तेल लावून डॉक्टर एका हातानं बाळाचे कुल्ले ओटीपोटातून वर उचलतात, दुसऱ्या हातानं डोकं पुढे झुकवतात आणि बाळाला सावकाश कोलांटी घ्यायला लावतात. बाई श्वास सोडते तसा दाब वाढतो, ती थांबा म्हणाली की हात थांबतात. सगळं काही मिनिटांत. पुन्हा ठोके पाहतात, आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन देतात, आणि सहसा त्याच दिवशी घरी सोडतात. वार तोंडाशी असेल, रक्त जात असेल, पाणी गेलेलं असेल, जुळं असेल किंवा ठोके ठीक नसतील तर हे करत नाहीत.

यावर पहिला आक्षेप ऐकू येतो तो असा की, नाळेचा वेढा बसेल, वार सुटेल. ही भीती निराधार नाही; पूर्वी बत्तिसाव्या-चौतिसाव्या आठवड्यात, सोनोग्राफी आणि ठोक्यांच्या नोंदीशिवाय बाळं फिरवली जात आणि वाईट प्रसंग घडत. आता पूर्ण दिवसांच्या जवळ आणि देखरेखीत फिरवलं जातं, तेव्हा तातडीनं सिझर करावं लागण्याची वेळ साधारण दोनशेत एकदा येते. त्या एका वेळेसाठी ऑपरेशन थिएटर हाताशी हवं. पोट चोळायला येणाऱ्या बाईनं घरी बाळ सरकवणं ही म्हणूनच वेगळी आणि धोक्याची गोष्ट आहे. तिच्या हाताला अनुभव असेल, पण तिच्याकडे थिएटर नाही. दुसरा आक्षेप: यश तर निम्म्यातच. खरं आहे. पहिलटकरणीत सुमारे ४० टक्के, आधी बाळंतपण झालेलीत ६०. पण प्रयत्न फसला तर बाई होती तिथेच राहते, सिझर काही कुठे पळून जात नाही. आणि फिरलेलं बाळ पुन्हा उलटण्याचं प्रमाण शंभरात पाचांहून कमी आहे.

तिसरा आक्षेप अधिक वजनाचा. सिझर आज इतकं सुरक्षित असताना हा खटाटोप कशाला? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या खाजगी दवाखान्यांतली ४७ टक्के बाळंतपणं सिझरची होती. त्यात आणखी एकानं काय बिघडतं? या बाळंतपणात फारसं बिघडत नाही, हे मी प्रांजळपणे म्हणेन. हिशोब पुढच्या वेळचा आहे. तीस हजार सिझरच्या एका अमेरिकन अभ्यासात, वार खाली आलेली असताना ती गर्भपिशवीत रुतून बसण्याचं प्रमाण आधी एक सिझर झालेल्यांत ११ टक्के होतं, दोन झालेल्यांत ४०. वार अशी रुतली की रक्तस्रावानं आईच्या जिवावर बेततं, पिशवी काढावी लागते. दुसरं मूल हवं असणाऱ्या बाईला पहिल्या टाक्याची ही किंमत आधी कळायला हवी.

यात डॉक्टरांचीही बाजू आहे. काही वाईट घडलं तर ‘पोट दाबून बाळ मारलं’ म्हणत जमाव येईल, ही धास्ती त्यांना असते. सिझरबद्दल सहसा कुणी जाब विचारत नाही. ही धास्ती आपण समाज म्हणून निर्माण केली आहे. त्यावर उपाय एवढाच की जे डॉक्टर हे करत नाहीत त्यांनी तसं सांगावं आणि वेळेत मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाचं नाव लिहून द्यावं. इथे आपल्या एका रिवाजाची अडचण होते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मुलगी नेमक्या याच सुमाराला गाव बदलते; फाइल नव्या दवाखान्यात जाते, ओळख होईपर्यंत अडतिसावा आठवडा उजाडतो. मधले दिवस पाय वर करून झोपण्यात आणि पोटाशी गाणी लावण्यात जातात. असं केल्यानं बाळ फिरतं याला भरवशाचा पुरावा नाही. हरकत नाही, करावं. पण त्यापायी भेटीची तारीख हुकू देऊ नये.

सिझरच ठरलं, तर ते सहसा एकोणचाळिसाव्या आठवड्यात व्हावं. ज्योतिषानं सदतिसाव्यातला मुहूर्त काढून दिला म्हणून ते अलीकडे ओढू नये. लवकर काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास अधिक होतो, आणि कुंडली कितीही उत्तम असली तरी तिथे ती उपयोगी पडत नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी पुन्हा सोनोग्राफी मागावी, कारण काही बाळं अगदी शेवटी, कुणी हात न लावता फिरतात.

एक गोष्ट बाळंतपणानंतरचीही आहे. ते कसंही झालं असो, ब्रीच राहिलेल्या बाळाच्या खुब्याचा सांधा उथळ असण्याची शक्यता जास्त असते, मुलींत विशेष. सहा आठवड्यांच्या सुमाराला खुब्यांची सोनोग्राफी करून घ्यावी. तेव्हा सापडलं तर पट्ट्यांवर भागतं. मूल लंगडायला लागल्यावर सापडलं तर ऑपरेशनची वेळ येते. पाय सरळ करून दुपट्यात करकचून बांधणं या बाळांना घातक. पाय मोकळे राहतील असं सैल गुंडाळावं. मान धरायला लागल्यावर आजीनं खुशाल कडेवर घ्यावं, पाय फाकलेले राहतात ते त्या सांध्याला मानवतं.