फिरत्या दांड्यांची सांधेजोड

शिवणाच्या यंत्रावर रिकामी बॉबिन भरावयाची असली म्हणजे गृहिणी प्रथम एक लहानशी गोष्ट करते. उजव्या बाजूच्या हातचाकाच्या मध्यभागीं जी खांचेदार चकती असते ती फिरवून ती सैल करते. मग पाय चालविला तरी हातचाक तेवढें गरगरतें. सुई जागची हालत नाहीं. दोरा भरून झाला कीं चकती पुन्हा आवळावयाची आणि शिवण पुढें चालू करावयाचें. चकती आवळावयाची राहिली तर काय घोटाळा होतो हें ज्या घरांत असें यंत्र आहे तेथें सांगावयास नको. पाय चालतो, चाक चालतें, आणि टांका मात्र एकहि पडत नाहीं.

या चकतीच्या योगानें जें काम साधतें त्यालाच कारखान्याच्या भाषेंत क्लच म्हणतात. साखर कारखान्यांत, जहाजाच्या पोटांत किंवा मोटारगाडीच्या तळाशीं जे क्लच असतात ते आकारानें कितीहि मोठे असोत, त्यांचें कार्य एवढेंच असतें. शक्ति देणारा भाग चालूच ठेवून काम करणारा भाग हवा तेव्हां त्याला जोडावयाचा व हवा तेव्हां सोडवावयाचा. क्लचचें भावंड म्हणजे कपलिंग. तें दोन दांड्यांचीं टोकें एकमेकांस कायमचीं जोडतें. यंत्र उभें करून बोल्ट काढल्याखेरीज ती जोड सुटत नाहीं.

ही जोडणी-सोडणी किती महत्त्वाची आहे हें मुंबईच्या जुन्या कापडगिरण्यांनीं पुरतें अनुभविलें आहे. कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं स्थापन केलेल्या कंपनीची गिरणी १८५६ सालीं ताडदेवास सुरू झाली, आणि पुढें साठ वर्षें या शहरांतील गिरण्या मुख्यत्वें वाफेच्या एंजिनावर चालल्या. सबंध गिरणीला एक मोठें एंजिन असे. त्याची शक्ति जाड दोरांनीं मजल्यामजल्यावर नेलेली, आणि प्रत्येक खात्यांत छताखालून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक लांबलचक लोखंडी शाफ्ट अखंड फिरत असलेला. त्यावरून शेंकडों चामडी पट्टे खालच्या मागांवर उतरत. एक माग थांबवावयाचा म्हणून एंजिन थांबविणें शक्य नव्हतें. तेव्हां मागाच्या दांड्यावर दोन पुल्या शेजारीं शेजारीं बसवीत, एक दांड्याला पक्की आणि दुसरी सैल. पट्टा पक्कीवर असला कीं माग चाले; सैल पुलीवर सरकविला कीं पुली नुसती फिरे व माग उभा राही. याहून साधा क्लच कल्पितां येणार नाहीं. पिठाच्या कित्येक गिरण्यांतून हीच युक्ति दिसे.

परंतु पट्टा सरकवावयाचा कसा? त्यासाठीं लोखंडी कांटा व दांडी हवी. जेथें ती नसे, किंवा मोडली असतां दुरुस्त झालेली नसे, तेथें कामगार काठीनें, प्रसंगीं हातानेंहि पट्टा ढकली, आणि धांवत्या पट्ट्याबरोबर हात ओढला जाण्यास निमिषहि लागत नाहीं. वरच्या शाफ्टचे निरनिराळे तुकडे ज्या कपलिंगांनीं जोडलेले असत त्यांच्या बोल्टांचीं डोकीं बाहेर आलेलीं असत. शाफ्ट वेगानें फिरत असतां तीं डोळ्यांना दिसत नाहींत. तेथें एक गुळगुळीत चकती फिरते आहे असाच भास होतो. शिडीवर चढून तेल घालणाऱ्याच्या धोतराचा सोगा किंवा सदऱ्याची बाही तेवढ्यानें पकडली जाई, आणि ज्या एंजिनाला शेंकडों माग ओढावयाचे त्याला एका माणसाचा भार तो काय जाणवणार!

भारताच्या १९४८ च्या कारखाने कायद्यानें या बाबी नांव घेऊन नोंदविल्या. फिरत्या दांड्यावरील स्क्रू, बोल्ट व पाचरी आंत बुडवून किंवा झांकून बसवाव्या, पक्क्या व सैल पुलीवरून पट्टा हलविण्यास योग्य साधन असावें आणि तें वापरलें जावें, काढून ठेवलेला पट्टा फिरत्या शाफ्टवर लोंबत ठेवूं नये, असें त्यांत घातलें गेलें. कलमें रुक्ष खरीं, परंतु प्रत्येक कलमामागें कोणाचा तरी हात गेलेला आहे. तत्पूर्वीं १९१५ सालीं खोपोलीची वीज मुंबईस आली होती. पुढें हळूहळू प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळूं लागली आणि छताखालचे ते शाफ्ट उतरले.

मोटर आली म्हणून क्लचची गरज मात्र संपली नाहीं. दोन दातेरी तोंडें एकमेकांत अडकविणारा क्लच मजबूत खरा, पण तो यंत्र उभें असतां किंवा अगदीं मंद चालत असतांच लावावा लागतो. एरव्हीं दाते तुटतात. वेगांत जोडावयाचें तर घर्षणाचाच आश्रय केला पाहिजे. एक चकती दुसरीवर दाबली जाते, आरंभीं ती घसरते, घसरतां घसरतां दुसरीला आपल्या वेगाला आणते, आणि मग दोन्ही एकजीव होतात. या घसरण्याची किंमत निसर्ग काटेकोरपणें वसूल करतो. एंजिनाचा वेग कायम असून थांबलेलें चाक त्या वेगाला आणावयाचें असेल, तर चाकाला जितकी गतिशक्ति मिळते तितकीच उष्णता क्लचमध्यें उत्पन्न होते. क्लच हलक्या हातानें लावा कीं झटक्यानें लावा, हा हिशेब चुकत नाहीं. चाकावर आणखी भार असला तर उलट हळू लावण्यानें उष्णता वाढतेच. मोटार चालवितांना क्लचवर पाय टेकून ठेवणाऱ्या गृहस्थास कसला तरी जळका वास कां येतो, याचें कारण हें. ही उष्णता सोसावी म्हणून चकत्यांना पूर्वीं चामड्याचें आणि पुढें अॅस्बेस्टॉसचें अस्तर लावीत. अॅस्बेस्टॉस उष्णतेला दाद देत नाहीं, परंतु त्याची धूळ माणसाच्या फुफ्फुसांचा नाश करते. हें कळल्यावर अनेक देशांनीं त्यावर बंदी घातली व अस्तरांसाठीं दुसरे पदार्थ आले.

आतां कपलिंगकडे वळावें. दोन दांडे अगदीं एका सरळ रेषेंत असतील तर दोन चकत्या बोल्टांनीं आवळल्या कीं काम भागतें. अडचण अशी कीं ते तसे असत नाहींत. पाया खचतो, बेअरिंग झिजतें, लोखंड तापून वाढतें. अर्धा मीटर उंचीचें पोलादी घडवंचीवजा बैठक-खोड पन्नास अंशांनीं तापलें तर सुमारें ०.३ मिलिमीटर उंच होतें. एवढा फरक नजरेला दिसत नाहीं, बेअरिंगला मात्र तो क्षणोक्षणीं जाणवतो. ताठ कपलिंगनें बांधलेले वांकडे दांडे प्रत्येक फेऱ्यांत एकदां इकडे व एकदां तिकडे वांकविले जातात, आणि वारंवार वांकविलेली तार जशी तुटते तसे तेहि अखेर तुटतात.

कोनांत असलेल्या दांड्यांसाठीं इंग्लंडांतील रॉबर्ट हूक यानें १६७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत एका सांध्याचें वर्णन केलें. दोन दुबेळकीं आणि त्यांच्यामध्यें एक फुली, एवढीच त्याची रचना. परंतु या सांध्याला एक खोड आहे. पहिला दांडा एकसारखा मिनिटास १०० फेरे फिरत असला आणि दोहोंमध्यें ३० अंशांचा कोन असला, तर दुसऱ्याचा वेग प्रत्येक फेऱ्यांत दोनदां सुमारें ८७ पर्यंत उतरतो आणि दोनदां ११५ पर्यंत चढतो. तोच सांधा दुसऱ्या टोकाला पुन्हा वापरला, कोन सारखे ठेवले आणि मधल्या दांड्यावरचीं दोन्ही दुबेळकीं एका पातळींत बसविलीं, म्हणजे एकाची चूक दुसरा फेडतो. मालमोटारीच्या पोटाखालीं लांब दांडा दिसतो त्याच्या दोन्ही टोकांस सांधे असतात ते याचसाठीं. मधला दांडा दुरुस्तीनंतर आडवा फिरवून बसविला गेला तर दोन चुका फिटण्याऐवजीं एकमेकींत भर घालतात, आणि गाडी थरथरूं लागते.

दांडे समांतर पण बाजूला सरकलेले असले तर निराळी युक्ति लागते. ती आयर्लंडच्या जॉन ओल्डहॅम यानें १८२१ च्या सुमारास पंख्यांच्या आगबोटींसाठीं काढली. हाच गृहस्थ पुढें बँक ऑफ इंग्लंडच्या नोटा छापण्याच्या यंत्रांकडे वळला. त्याच्या कपलिंगांत तीन चकत्या असतात. मधलीच्या एका अंगास आडवी आणि दुसऱ्या अंगास उभी पट्टी असते, व त्या शेजारच्या चकत्यांच्या खांचांत सरकतात. वेगांत चढउतार मुळींच होत नाहीं. मधली चकती तेवढी इकडे तिकडे सरकत सगळी विसंगति आपल्या अंगावर घेते. उंसाच्या चरकाची वरची लाट उंसाच्या कमीअधिक थरानें वरखालीं होते. तेथेंहि ताठ जोड चालत नाहीं. चौकोनी टोकांचा एक दांडा थोड्या सैल खोक्यांत बसवून ती हालचाल संभाळतात.

घर्षणच टाळावयाचें तर तेलाकडून काम घेतां येतें. दोन विजेचे पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला तर त्याच्या वाऱ्यानें दुसराहि फिरूं लागतो. हेरमान फॉटिंगर या जर्मन एंजिनियरानें १९०५ सालीं याच तत्त्वावर, हवेऐवजीं द्रव वापरून, जहाजांसाठीं रचना काढली. अशा जोडींत दुसरें चाक पहिल्याच्या शेंकडा दोनचार फेरे मागें राहतें, पण झटका बसत नाहीं.

शहरांतील बहुतेक इमारतींच्या तळाशीं पाणी वर चढविणारा पंप असतो. त्यांतील कित्येकांची मोटर व पंप निरनिराळे असून मध्यें रबरी बुशांचें कपलिंग असतें. त्यावर लोखंडी झांकण असलें पाहिजे. तें काढून कोपऱ्यांत ठेवलेलें आढळलें तर त्याच दिवशीं बसवून घ्यावें. आणि कपलिंगच्या खालीं जमिनीवर काळी बारीक भुकटी पडलेली दिसली तर ती केरसुणीनें लोटून टाकण्यापूर्वीं मिस्त्रीस बोलवावें. ती रबराची भुकटी होय. दोन दांडे एका रेषेंत राहिलेले नाहींत. मिस्त्री पंप बंद करून दोन्ही चकत्यांवर सरळ पट्टी टेकवील, मोटरच्या पायाखालीं पातळ पत्र्याचे तुकडे सारील, चकती हातानें पाव पाव फेरा फिरवून पुन्हा पट्टी टेकवील. या कामास तासभर लागतो. तेवढा वेळ टांकीत पाणी राहील असें पाहून त्याला बोलवावें म्हणजे तो घाई करणार नाहीं.