लिफ्ट थकली? पंपाआधी तेल पाहा

(मुरगूड, ता. कागल येथे शेतकऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी पिकांचा माणूस, यंत्रांचा नव्हे. तरीही आज जुन्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक लिफ्टविषयी बोलणार आहे, कारण लिफ्ट बिघडली की पेरा बिघडतो. सोयाबीनचे बी ३ ते ५ सें.मी. खोलीवर पडावे लागते. पेरताना लिफ्ट आपोआप खाली बसू लागली, तर बी खोल जाते व उगवण विरळ होते. शिवाय वेदगंगेकाठच्या भारी रानात घात फार दिवस थांबत नाही.

आमच्या घरच्याच ट्रॅक्टरचे उदाहरण सांगतो. सकाळी नांगर झटक्यात उचलला जाई, दुपारी मात्र लिफ्ट थके. मिस्त्रीने पंप गेल्याचे सांगितले, आम्ही नवा बसवला. त्यात चार दिवस मोडले. पाचव्या दिवशी दुपारी पुन्हा तेच! शेवटी तेल काढले, तर ते ताकासारखे पांढरे निघाले. भाताच्या चिखलणीत मागचा भाग पाण्यात बुडून पाणी आत शिरले होते आणि जाळी गाळाने बुजली होती. तेल बदलले, जाळी धुतली आणि लिफ्ट सुरू झाली. जुना पंप निर्दोष होता. मिस्त्रीला दोष काय द्यावा, मीही तेल तपासले नव्हते.

लिफ्टचे काम असे चालते. पंप जाळीतून तेल ओढतो व दाबाने व्हॉल्व्हमधून सिलिंडरकडे पाठवतो. तिथला पिस्टन लिफ्टचे हात उचलतो. म्हणजे ओझे उचलते ते तेल. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत हेच तेल गिअरनाही वंगण देते. म्हणून तपासणीची सुरुवात तेलापासून करावी.

लक्षणांवरून दोष कसा ओळखावा?

१) लिफ्ट मुळीच उठत नाही : ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, अवजार खाली टेकवून, इंजिन बंद करून तेलाची पातळी पाहावी. काही जुन्या ट्रॅक्टरांत पंप पीटीओच्या शाफ्टवर चालतो. त्यांत पीटीओचा दांडा न्यूट्रलला राहिला, तर लिफ्ट उठणार नाही. अवजाराला चिखलाचे जादा ओझे तर नाही ना, हेही पाहावे.

२) थंड असताना उचलते, गरम झाल्यावर थकते : तापलेले तेल पातळ होते व झिजलेल्या जागेतून आतल्या आत निसटते. तेल चुकीच्या प्रतीचे असेल, तर हे लवकर घडते. आधी पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचे तेल घालून पाहावे. जळके इंजिन ऑइल कधीही घालू नये.

३) उचलताना थरथरते, पंप किंचाळतो, तेलाला फेस येतो : तेल कमी आहे, जाळी बुजली आहे किंवा पंपाच्या ओढीच्या बाजूने हवा शिरते आहे.

४) तेल पांढरे दिसते : थोडे तेल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवावे. तळाशी पाणी दिसले, तर सर्व तेल बदलावे आणि पाणी शिरण्याची वाट शोधून बंद करावी. बाटलीत पाणी वेगळे दिसले नाही, तरी पांढरेपणा राहिला असेल तर तेल बदलावेच.

५) उचलते, पण धरून ठेवत नाही : अवजार उचलून इंजिन बंद करावे आणि दूर उभे राहून पाहावे. इंजिन बंद असताना पंप फिरतच नाही. तरीही अवजार भराभर खाली येत असेल, तर संशय पिस्टनच्या सीलवर व व्हॉल्व्हवर घ्यावा. काही ट्रॅक्टरांत व्हॉल्व्ह पंपाच्याच अंगावर असतो, तेथे निदान जाणकार मिस्त्रीकडूनच करून घ्यावे.

ऊस तोडणी यंत्रे व भात कापणीची अनेक यंत्रे तर तेलाच्या दाबावरच पुढे-मागे चालतात. त्यांतही गरम झाल्यावर ओढ कमी झाली, की तेल, फिल्टर आणि तेल थंड करणाऱ्या जाळीवरचा भुसा आधी पाहावा. अशी यंत्रे बंद पडल्यास बायपास न उघडता ओढून नेऊ नयेत आणि त्यांचा पंप रानात धुळीत उघडू नये.

जिवाची काळजी

उचललेल्या अवजाराखाली कधीही हात घालू नये. काम करण्यापूर्वी अवजार जमिनीवर टेकवावे. पाइपची गळती बोटाने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. दाबाखालच्या तेलाची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम काटा टोचल्याएवढीच दिसते, पण त्यापायी बोट किंवा हातही गमवावा लागू शकतो. अशा वेळी दुखायची वाट न पाहता ताबडतोब दवाखाना गाठावा व तेल आत शिरल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

बंधूंनो, चिखलणी संपली की तेल पाहायचे आणि पेरणीआधी जाळी धुवायची, एवढे दोन नेम पाळा. मिस्त्रीला जरूर बोलवा, पण तो पंपाला हात लावण्यापूर्वी त्याला विचारा, "तेल पाहिलं का?"