हिरवळीचे पीक : निवड जमीन पाहून



गोव्यात वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हा पाऊस पिकांचे जीवन आहे; परंतु उघड्या पडलेल्या जांभ्या जमिनीतील माती व अन्नद्रव्येही तोच वाहून नेतो. शेणखत तर आता पूर्वीसारखे मुबलक राहिलेले नाही. अशा स्थितीत ताग, धैंचा व चवळी ही द्विदल पिके जमिनीचा पोत राखण्यास साहाय्यभूत ठरतात. त्यांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. चांगले वाढलेले ताग वा धैंचाचे पीक गाडल्यास हेक्टरी सुमारे 60 किलो नत्र जमिनीस मिळू शकते.

मात्र शेजाऱ्याने पेरले तेच आपणही पेरावे, हा न्याय येथे चालत नाही. पाण्याचा निचरा होणाऱ्या मोरोड जमिनीत ताग जोमाने वाढतो. पाणी साचल्यास तो टिकत नाही. सखल, पाणी धरून ठेवणाऱ्या शेतात धैंचाच योग्य. तो काही प्रमाणात खारटपणाही सोसतो. माडाच्या आळ्यात चवळी पेरावी; तिच्या पानांनी माती झाकली जाते व तण दबते.

भातापूर्वी धैंचा घ्यावयाचा असल्यास मे महिन्याच्या मध्यास, विहिरीच्या पाण्यावर किंवा वळवाच्या सरींवर, हेक्टरी सुमारे 50 किलो बी पेरावे. सुमारे 45 दिवसांनी, पीक फुलावर येण्याच्या सुमारास, ते नांगरून गाडावे. विलंब झाल्यास खोड जून होते, कुजण्यास वेळ लागतो आणि कुजवणारे जिवाणू जमिनीतीलच नत्र वापरू लागतात. मग लाभ दूरच राहतो आणि भाताची रोपे पिवळी पडतात.

अल्पभूधारकाची अडचण खरी आहे. बियाण्याचा व नांगरणीचा खर्च आधी करावा लागतो, वळीव हुलकावणी देतो आणि मोकाट गुरे एकट्या हिरव्या शेताचा फडशा पाडतात. म्हणून लगतच्या शेतकऱ्यांनी एकाच वेळी पेरणी करून राखण वाटून घ्यावी. वळीव न आल्यास धैंचासाठी भाताची लावणी लांबवू नये; बांधावरील गिरिपुष्पाचा पाला चिखलणीच्या वेळी गाडावा. ज्यांच्या बांधावर गिरिपुष्प नाही, त्यांनी पावसाळ्याच्या आरंभी त्याच्या फांद्या लावाव्यात.

पहिल्याच वर्षी सर्व शेत गुंतविण्याचे कारण नाही. एका कुणग्यात हिरवळीचे पीक गाडावे, शेजारचा कुणगा नेहमीप्रमाणे ठेवावा आणि कापणीच्या वेळी दोन्हींचे भात वेगवेगळे मापून पाहावे. पुढील वर्षाचा निर्णय त्या मापावरूनच घ्यावा.