बुडतो तो क्लब, सुटतो तो मालक

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



महागाई, शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगार हे नेहमीचे विषय बाजूला ठेवून आज मी इंग्लंडमधील फुटबॉल क्लबांच्या दिवाळखोरीवर बोलणार आहे. वक्त्याला या वयात चेंडूमागे धावण्याची हुक्की कुठून आली, असे आपल्यापैकी काहींना वाटत असेल. पण विषय खेळाचा असला तरी प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. एखादी संस्था पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी वाढवायची, कागदोपत्री ती एका माणसाच्या मालकीची असायची, आणि त्याने ती बुडवली की शिक्षा मात्र लोकांनी भोगायची, असा हा प्रश्न आहे.

मँचेस्टरच्या उत्तरेला बरी नावाचे गाव आहे. लँकेशायरमधील कापडगिरण्यांच्या गावांपैकी हे एक. आपल्या गिरणगावाची ज्यांना माहिती आहे त्यांना अशा गावाचे चित्र डोळ्यांपुढे आणायला कष्ट पडणार नाहीत. या गावचा फुटबॉल क्लब १८८५ साली स्थापन झाला, १८९४ साली लीगमध्ये आला आणि १९०० व १९०३ अशी दोन वर्षे त्याने इंग्लंडचा मानाचा एफ. ए. कप जिंकला. गिरण्या गेल्या, क्लब राहिला. डिसेंबर २०१८ मध्ये या क्लबची मालकी एका व्यावसायिकाने अवघ्या एका पौंडाला विकत घेतली. एका पौंडात तिकडे धड जेवणही मिळत नाही. आधीच्या मालकाच्या कारकिर्दीत क्लबचे गिग लेन हे मैदान गहाण पडलेले होते आणि कर्जाचा डोंगर उभा होता. नव्या मालकाकडे क्लब चालवण्याइतके पैसे आहेत, याचा समाधानकारक पुरावा लीगला मिळालेला नव्हता; तरीही मालकी बदलली. पुढे काही महिन्यांतच खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थकले. त्याही स्थितीत खेळाडूंनी हंगाम पुरा केला आणि क्लबला वरच्या श्रेणीत नेले!

मग लीग जागी झाली. धनकोंशी तडजोड केल्याबद्दल आधी १२ गुणांची कपात, मग एकामागून एक सामने तहकूब, मग मुदती. २७ ऑगस्ट २०१९ हा अखेरचा दिवस. त्या दिवशी सकाळी शेकडो माणसे झाडू आणि फडकी घेऊन मैदानावर गेली. क्लब विकला जाईल, सामने सुरू होतील, तेव्हा खुर्च्या तरी स्वच्छ असाव्यात, ही त्यांची भावना. त्याच सुमारास एका माजी संचालिकेने स्वतःला मैदानावरील पन्हाळीला बेडीने जखडून घेतले होते. रात्री लीगने निर्णय जाहीर केला : क्लबची हकालपट्टी. १२५ वर्षांचे सभासदत्व संपले.

या हकालपट्टीने शिक्षा कोणाला झाली, ते पाहा. तिकीटघरातील बाईची नोकरी गेली, हिरवळ राखणाऱ्या माळ्याची गेली. शनिवारच्या गर्दीवर पोट असलेल्या दुकानदारांचे गिऱ्हाईक गेले. नातवाचे बोट धरून मैदानावर जाणाऱ्या म्हाताऱ्याचा शनिवार गेला. मालकाचे काय गेले? फार तर तो एक पौंड.

आता लीगची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे, कारण ती अगदीच पोकळ नाही. २००२ साली लेस्टर सिटी हा क्लब दिवाळखोरीत जाऊन प्रशासकाच्या हाती गेला, त्याचे बरेचसे कर्ज माफ झाले, आणि त्याच हंगामात तो वर चढून प्रीमियर लीगमध्ये गेला. ज्या क्लबांनी अंथरूण पाहून पाय पसरले, प्रत्येक देणे वेळेवर फेडले, ते खालीच राहिले. त्यांनी संताप व्यक्त केला तो योग्यच होता. कर्ज बुडवून मिळवलेले यश ही प्रामाणिक प्रतिस्पर्ध्याची फसवणूक असते. म्हणून २००४ साली, प्रशासकाच्या हाती जाणाऱ्या क्लबचे १० गुण कापायचे, असा नियम आला. पुढे हा आकडा १२ झाला. लेस्टरसारख्या प्रकरणात हा नियम मला मान्य आहे.

पण ल्यूटन टाऊनचे पाहा. २००८–०९ च्या हंगामाला हा क्लब ३० गुणांची कपात डोक्यावर घेऊन उतरला. त्यांपैकी १० गुण आधीच्या कारभारातील व्यवहारांबद्दल फुटबॉल संघटनेने कापले होते आणि २० गुण दिवाळखोरीतून नियमाप्रमाणे बाहेर न पडल्याबद्दल लीगने. ज्यांच्या हातून ही पापे घडली ते निघून गेले होते. क्लब वाचवण्यासाठी पुढे आलेली मंडळी त्याच्या चाहत्यांमधली होती. त्या हंगामाअखेर ल्यूटन लीगच्या बाहेर फेकला गेला. घर जाळणारा पळाला म्हणून आग विझवणाऱ्याला दंड करण्याचाच हा न्याय. गुणकपात करायची तर अपराधी मालक जागेवर असताना करावी. त्याला हटवून नवी, सचोटीची व्यवस्था आली असेल, तर तिच्या गळ्यात जुना धोंडा बांधण्यात कोणता खिलाडूपणा आहे?

याहूनही चीड आणणारा नियम आहे तो फुटबॉलमधील देणेकऱ्यांना झुकते माप देणारा. दिवाळखोर क्लबने लीगमध्ये राहायचे तर खेळाडूंचे पगार आणि इतर क्लबांचे देणे पुरेपूर फेडायचे. बाकीच्यांना मिळेल ते मिळेल. २०१० साली पोर्टस्मथ हा प्रीमियर लीगमधील क्लब दिवाळखोरीत गेला, तेव्हा त्याच्या धनकोंच्या यादीत सेंट जॉन अँब्युलन्स ही प्रथमोपचार करणारी स्वयंसेवी संस्थाही होती. तिचे येणे सुमारे २,७०० पौंड. म्हणजे लक्षावधी पौंडांच्या खेळाडूचा पैसा पूर्ण सुरक्षित, आणि मैदानावर कोसळलेल्या प्रेक्षकाला उचलणाऱ्याच्या वाट्याला पौंडामागे काही पेन्स! ब्रिटनचे करखाते या नियमाविरुद्ध न्यायालयात गेले आणि २०१२ साली हरले. कायद्याने हरले असतील. आपण कामगारांचा पक्ष घेणारी माणसे या नियमाला न्याय्य म्हणू शकत नाही. पगार आधी दिलाच पाहिजे, पण त्याला वरची मर्यादा हवी. आणि त्यानंतर गावातल्या लहान देणेकऱ्याचा हक्क मोठ्या क्लबाच्या आधी यायला हवा. मालकाने स्वतःच्याच क्लबला दिलेले कर्ज तर रांगेत सर्वांत शेवटी उभे राहिले पाहिजे.

हे सारे पूर्वीपासून असेच होते, असे कोणी समजू नये. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या जुन्या नियमांनी भागधारकांच्या लाभांशावर मर्यादा घातली होती, संचालकांना वेतन घेता येत नसे, आणि क्लब मोडलाच तर उरलेली मालमत्ता खेळासाठी वा धर्मादाय कामासाठी जावी, अशी तरतूद होती. हे नियम करणारे कोणी समाजवादी नव्हते. क्लब हे नफ्याचे दुकान नव्हे, एवढी जुन्या मध्यमवर्गाची सभ्यता त्यांच्याजवळ होती. १९८३ साली टॉटनहॅम क्लबने वर एक निराळी कंपनी उभारली, तिचे भाग शेअरबाजारात आणले आणि या नियमांना वळसा घातला. त्याच वर्षी लीगच्या सामन्यांचे प्रवेशशुल्क पाहुण्या क्लबशी वाटून घेण्याची प्रथाही संपली. १९९२ साली वरचे क्लब वेगळे होऊन त्यांनी प्रीमियर लीग काढली आणि दूरचित्रवाणीचा पैसा वरच्या मजल्यावर साचू लागला. त्या मजल्यावर चढण्याच्या हव्यासापायी दुसऱ्या श्रेणीतील क्लबांचा एकत्रित पगारखर्च कित्येक हंगामांत त्यांच्या एकूण उत्पन्नाहूनही जास्त झाला. मालकांची उधळपट्टी खरीच. पण तिला आमंत्रण देणारी रचना लीगनेच उभी केली.

जर्मनीत वाट निराळी आहे. तिथे प्रत्येक हंगामाआधी क्लबला आपले हिशेब दाखवून परवाना घ्यावा लागतो, आणि मोजके अपवाद सोडले तर मतांचे बहुमत सभासदांच्या संस्थेकडेच राहते. तिथेही संकटे येतात. १९९५ साली डायनॅमो ड्रेस्डेनला परवाना नाकारला गेला. २०१७ साली म्युनिकच्या १८६० या क्लबच्या गुंतवणूकदाराने पैसे भरले नाहीत, तेव्हा तो क्लब चौथ्या श्रेणीत गेला. नियम कडकच आहेत. परंतु हिशेब हंगाम सुरू होण्यापूर्वी मागितला जातो, आणि क्लब खाली गेला तरी त्याला उभे राहायला पायरी उरते. बरीला ती उरली नव्हती.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की लीगने क्लब आणि मालक यांना एकच समजणे सोडले पाहिजे. मालकी देतानाच काही महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम लीगकडे अनामत घ्यावी. एक पगार थकला की मालकाचा मताधिकार गोठवून क्लब विश्वस्तांच्या हाती द्यावा, आणि त्या विश्वस्तांत चाहत्यांचे व कर्मचाऱ्यांचे निवडलेले प्रतिनिधी असावेत. मैदान तर मालकाच्या हाती लागताच कामा नये. डर्बी कौंटीच्या मालकाने २०१८ साली क्लबचे मैदान क्लबकडून आपल्याच दुसऱ्या कंपनीला विकले आणि कागदावर नफा दाखवला. २०२१ साली तो क्लब दिवाळखोरीत गेला, २१ गुण कापले गेले आणि तो खाली घसरला. गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले, हे पाहिलेल्यांना यावर अधिक सांगायला नको.

सरकारने क्लब ताब्यात घ्यावेत, असे आपल्यातले काही मित्र म्हणतील. मला ते पटत नाही. सरकारी तिजोरीतून तारांकित खेळाडूंचे पगार भरणे हा समाजवाद नव्हे. सरकारने नियम करावेत, ते पाळले जातात हे पाहावे आणि मैदान राखायला मदत करावी. २०२५ साली ब्रिटिश संसदेने फुटबॉल कारभाराचा कायदा करून स्वतंत्र नियामक नेमला, क्लबांना परवाना सक्तीचा केला आणि नियामकाच्या संमतीशिवाय मैदान विकण्यास वा गहाण टाकण्यास मनाई केली. लीग ही क्लबांच्या मालकांचीच सभा आहे. मालकांनी मालकांवर लक्ष ठेवायचे ही व्यवस्था टिकली नाही, याची ही कबुलीच होय. मात्र या कायद्यात मताधिकार चाहत्यांकडे आलेला नाही. त्यांचा सल्ला घ्यायचा आहे.

बरीच्या चाहत्यांनी २०२२ साली गिग लेन विकत घेतले. त्यासाठी सरकारी निधीतून १० लाख पौंड आले, नगरपालिकेने भर घातली, उरलेले लोकांनी उभे केले. २०२३ साली त्या मैदानावर बरीच्या नावाने पुन्हा सामने सुरू झाले. या वेळी नवव्या श्रेणीत.