मुलांना सांगावयाच्या बायबलकथा

मे महिना अर्धा सरला की दिल्लीच्या शाळांना सुट्टी लागते आणि आर. के. पुरमच्या सरकारी घरांतील मुले उन्हाच्या भीतीने दिवसभर कोंडली जातात. देशाच्या चारी दिशांकडून बदलीवर आलेल्या नोकरदारांची ही वसाहत. एका बाजूला मलै मंदिराची टेकडी, भोवती सेक्टरांच्या एकसारख्या रांगा. याच दिवसांत राजधानीतील अनेक चर्चमधून मुलांचे सुट्टीतले वर्ग भरतात. गाणी होतात, चित्रे रंगविली जातात, शेवटी खाऊही मिळतो; परंतु वर्गाचा खरा आधार म्हणजे गोष्ट. नोहाचे तारू, दावीदाची गोफण, योनाला गिळणारा मासा.

असे वर्ग भरविण्याची प्रथा अमेरिकेतून आली. 1898 साली न्यूयॉर्कच्या ईस्ट साइड भागात हॉज नावाच्या बाईंनी रस्त्यावर हिंडणाऱ्या मुलांसाठी वर्ग काढला, तेव्हा त्यांना भाड्याने जागा मिळाली ती बिअरच्या गुत्त्याची! जागा कशी आहे हे मुले पाहत नाहीत; गोष्ट कशी सांगितली जाते, हे मात्र ती बारकाईने पाहतात.

मराठी भाषेला या उद्योगाची ओळख त्याच्याही पुष्कळ आधी झाली. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यास आला आणि 1616 साली राशोल येथे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. ग्रंथाच्या प्रारंभीचा प्रसंग मोठा अर्थपूर्ण आहे. साष्टीतील एका चर्चमध्ये पाद्री मुलांना धर्माचे पाठ देत असता एक ब्राह्मण ख्रिस्ती त्यास विनवितो, की हे पाठ उत्तमच आहेत, पण आमच्या भाषेत एखादे पुराण असते तर आमची हौस पुरती. या विनवणीमागे एक दुःख आहे. नव्या धर्मात आलेल्या या लोकांची जुनी पुराणे राजसत्तेने आणि धर्मसत्तेने मिळून बंद केली होती. कथेवाचून रिकामे पडलेले मन नुसत्या प्रश्नोत्तरांनी भरेना. स्टीफन्सने उत्तरादाखल जवळजवळ अकरा हजार ओव्या रचल्या, त्याही ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वळणाच्या मराठीत. प्रश्नोत्तरांचे महत्त्व त्याला ठाऊक नव्हते असे नाही. त्याने कोकणीत लिहिलेली तशी पोथी त्याच्या मृत्यूनंतर 1622 साली छापली गेली. तरीही मागणी आली ती पुराणाची, आणि ती त्याने मानली, हे त्याचे मोठेपण.

आज सुट्टीच्या वर्गात कोणी कोणाची कथा हिरावून घेत नाही. पण नगर, जालना किंवा वसईकडील ख्रिस्ती कुटुंब दिल्लीस आले म्हणजे निराळीच एक वस्तू हातातून निसटू लागते. मूल गोष्ट शिकते, पण इंग्रजीत, फार तर हिंदीत. गावाकडे आजी ज्याला ‘तारू’ म्हणते, ते येथे हिंदीत ‘जहाज’ होते. तारू म्हटले की कोकणच्या किनाऱ्यावरचा वारा त्या शब्दात शिरतो. चाळीस दिवसांचा पाऊसही मग परका राहत नाही. पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास करून केडगावच्या मुक्तिसदनात सबंध बायबल मराठीत आणले, ते साध्यासुध्या बायकांना कळावे म्हणून. 1922 साली त्या निवर्तल्या. सबंध ग्रंथ छापून झाला तो त्यानंतर, 1924 साली. इतक्या खटपटीने घरात आणलेले शब्द दोन बदल्यांत विसरले जावेत, ही हानी लहान नव्हे. चर्चमधील शिक्षिकेकडे याचा उपाय नाही. तिच्यापुढे पाच भाषांची मुले बसलेली असतात. तो उपाय घरातच, रात्रीच्या जेवणानंतर, आईने किंवा आजोबांनी तीच गोष्ट मराठीत पुन्हा सांगण्याचा आहे.

आणखी एक खोड आहे, आणि ती कोणत्याही एका धर्माची नाही. इसापनीतीच्या धड्यांनी आपणां सर्वांस ‘तात्पर्या’ची सवय लावून ठेवली आहे. गोष्ट संपते न संपते तोच मोठी माणसे विचारतात, यावरून काय शिकलात? मुले मग ठरावीक उत्तर देतात आणि गोष्ट तेथेच विझते. वास्तविक येशूचे दृष्टान्त या बाबतीत फार धीट आहेत. उधळ्या पुत्राचीच गोष्ट पाहा. धाकटा परत येतो, बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो, मेजवानी सुरू होते. थोरला मात्र रुसून दाराबाहेर उभा राहतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, आणि लूक तेथेच थांबतो.

‘मग तो घरात गेला का?’ असे एखादे मूल हटकून विचारते. विशेषतः ज्याला धाकटा भाऊ आहे, ते. शिक्षिका जाणती असली तर पुस्तक मिटते आणि उलट त्यालाच विचारते, ‘तुला काय वाटते?’ मूल दुपारी उन्हातून घरी जाते, ते त्याच विचारात.